तो वेल, ती वेल आणि आडवी बाटली

वेल हा शब्द मराठीत दोन्हीकडून चालतो. तो वेल म्हणा, ती वेल म्हणा, शब्दकोश हरकत घेत नाही. आमच्या घरात मात्र या एका शब्दावरून दोन उन्हाळे वाद चालला. मी 'ती वेल' म्हणायचो, बायको 'तो वेल'. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे आपणच बरोबर असं मला सवयीने वाटतं. बायको मला ओळखते, त्यामुळे ती बहुतेक वेळा बरोबर असते. त्या वादात मी हरलो. व्याकरणात नाही, भर सभेत, गावातल्या झाडून साऱ्या बायांसमोर, खांद्यावर वेलीचं भेंडोळं नेऊन.

मी केळापूर तालुक्यातल्या एका गावी विज्ञान शिकवतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण बायकोला अजून तिथेच राहायचं आहे. आमच्या भागात कापूस होतो, सोयाबीन होतं, तूर होते. जे होतं ते लावण्यात मला कधीच रस वाटला नाही. एकदा मी कूलरच्या टपावर स्ट्रॉबेरी लावली. ती शेजारच्या बकरीला आवडली. एकदा सफरचंदाचं कलम म्हणून जे आणलं ते ॲपल बोराचं निघालं. पाटीवरचा 'ॲपल' मी वाचला, 'बोर' माझ्या अंगठ्याखाली होतं. तीन वर्षं मी त्या झाडाची सेवा केली आणि पहिलं फळ कापून वर्गात दाखवलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आठोळी हाय आत." हे माझं पूर्वचरित्र.

हॉप्सचं खूळ मला वणीला एका लग्नात लागलं. माझा भाचा पुण्यात बीअर गाळणाऱ्या कारखान्यात आहे. पंगतीत शेजारी बसला आणि सांगू लागला की बीअरला जो कडवटपणा असतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या बोंडांचा. हिरवी, हलकी, कागदाच्या घड्या एकावर एक बसवाव्यात तशी बोंडं. वेल थंड देशांतली. त्यांच्या कारखान्यात ती बोंडं बाहेरून येतात.

"मंग आपल्याकडे काहून नाही लावत?" मी विचारलं.

"मामा, आपल्याकडे? मे महिन्यात आपल्याकडे पंख्याले घाम येते. हॉप्स काय जगन?"

"काहून नाही जगनार?"

वऱ्हाडी माणसाचा सत्यानाश करायला 'काहून नाही' हे दोन शब्द पुरतात. जिलेबी संपायच्या आत मी मनातल्या मनात अंगणात मांडव घातला होता.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मी पीत नाही. बीअर आयुष्यात एकदा चाखली, ती मला पाण्यात चिरायता भिजवल्यासारखी लागली. मला बोंडांचं काही करायचंच नव्हतं. मला फक्त एक बोंड भाच्याच्या हातावर ठेवून "हे घे, यवतमाळचं" एवढंच म्हणायचं होतं. यासाठी मी जे केलं ते तुम्ही केलं असतं तर खपून गेलं असतं, कारण तुमची बायको माझ्या बायकोसारखी गावाच्या दारूबंदी समितीची अध्यक्षा नसेल.

आमच्या गावात बसथांब्याच्या बाजूला देशी दारूचं दुकान होतं. परवान्याचं, रीतसर. शाळेत जाणाऱ्या मुलींना त्याच्या ओट्यासमोरूनच जावं लागे. बायकोचा धाकटा भाऊ लग्नानंतर आमच्याच गावात राहायला आला होता. तो त्या ओट्यावरून उठायचा विसरला आणि एके दिवशी उठलाच नाही. बायको त्याच्याबद्दल बोलत नाही. त्याऐवजी ती दारोदार फिरून सह्या घेते. असं दुकान बंद करायचं तर गावातल्या बायांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रं असतात, एक उभी, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आणि मेख अशी की नुसत्या आलेल्या बायांचं बहुमत चालत नाही. यादीत जितक्या बाया आहेत, त्यांच्या निम्म्याहून अधिक जणींनी येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच.

अशा बाईच्या घरात मी बीअरची वेल लावणार होतो. अर्थात मी तिला तसं सांगितलं नाही.

"झोपेची वेल हाय," मी म्हणालो. "तिकडचे लोक याची बोंडं उशीत भरते. झोप लागते."

हे खोटं नव्हतं. मी वाचलं होतं. खरं सांगायचं पण अर्धंच सांगायचं, ही कला शाळेच्या तपासणीत आम्ही शिकतो.

"तुमाले झोप लागत नाही म्हनता?" बायको म्हणाली. "नवव्या वर्गाले शिकवता शिकवता खुर्चीत घोरता तुमी."

बिया टपालाने आल्या. हॉप्सच्या बीला आधी हिवाळा दाखवावा लागतो, तेव्हा कुठे तिला वाटतं की आता उगवावं. आमच्याकडचा हिवाळा तिला पुरेसा वाटण्यासारखा नव्हता, म्हणून मी बिया ओल्या कापसात गुंडाळून, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्या, दह्याच्या बाजूला. डब्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावली. ती वाचून घरात येणारी प्रत्येक व्यक्ती डबा उघडून बघत असे. महिन्या-सव्वा महिन्याने मूठभर बियांतून तीन कोंब निघाले. पैकी एक मी जास्त पाणी घालून मारला, दुसरा कमी पाणी घालून. तिसऱ्याकडे माझं लक्ष नव्हतं, तो जगला.

पहिला उन्हाळा तिने वीतभर उंचीत काढला. आमच्या मे महिन्यात वीतभर उंच राहणं म्हणजे शहाणपण. हिवाळ्यात ती वाळून जमिनीला मिळाली. मी मनातल्या मनात तिचं श्राद्ध घातलं. बायकोने त्या जागी कोथिंबीर टाकली.

आणि दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास कोथिंबिरीतून चार कोंब वर आले. जांभळट, बोटाएवढे जाड, सापाने डोकं काढावं तसे. मी ओरडलोच, "अवं, ती आली पाय! ती वेल आली!"

बायकोने कोथिंबीर खुडता खुडता बघितलं. "कोन, तो वेल? मेला नव्हता काय?"

"ती वेल."

"तो."

"शब्दकोशात दोन्ही हाय."

"मंग मी म्हनते ते बी हायच ना. ज्याले दिवसभर पानी द्या, सावली द्या, काम काईच सांगू नका, अन् तरी मेल्यावानी पडून राह्यते, त्याले मी 'तो'च म्हनन."

मी विषय बदलला.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती वेल जी सुटली म्हणता! सकाळी शाळेत जाताना खुणेचा दोरा बांधावा आणि परत येईपर्यंत ती चार बोटं वर. बांबू आणले, वरून तुराट्या टाकल्या, अंगणभर मांडव केला. बायकोची पापड-कुरडयांची खाट त्या मांडवाने सावलीत घेतली, म्हणून खाट गच्चीवर गेली. गच्चीवर वानर होते, म्हणून बायकोही गच्चीवर गेली. आमचं बरंच संभाषण त्या दिवसांत वर-खाली ओरडून झालं.

वेलीला मी दोरीवर गुंडाळायला घेतलं आणि माझा दुसरा पराक्रम सुरू झाला. वालाची वेल जशी चढते तशी मी तिला वळवली. सकाळी बघतो तर सुटून खाली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा खाली. आठ दिवस हेच. मी सुतळीने बांधली, तर सुतळीसकट लोंबली. नवव्या दिवशी बायको गच्चीवरून म्हणाली, "तुमी उलटी फिरवून राह्यले. तो प्रदक्षिणा घालते. मारुतीले घालतो तशी, उजवीकून."

"वनस्पतीले उजवं-डावं कायचं कळते?"

"त्याले कळते. तुमाले कळून नाही राह्यलं."

सुलटी फिरवली आणि वेल दुसऱ्या दिवशी बांबूच्या टोकाला. गच्चीवरून बघणाऱ्याला सगळं दिसतं. विज्ञान शिकवणाऱ्याला पुस्तकात जे छापलं आहे तेवढंच.

एप्रिल संपता संपता ऊन असं पडलं की अंगणातल्या लोखंडी नळाला हात लावला तर चटका बसे. वेलीच्या पानांच्या कडा चुरचुरल्या. मी हिरवी जाळी लावली. पुरली नाही. थंड देशातली लेक आपल्या घरी आलेली, तिला असं उन्हात ठेवायचं? आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असतो आणि आत हवा टाकतो. एके दुपारी मी त्याचं तोंड फिरवलं. पाठ घराकडे, तोंड वेलीकडे. गवताच्या जाळ्या ओल्या केल्या, बटण दाबलं. वेलीची पानं अशी सळसळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आतून बायकोचा आवाज आला.

"हवा कुठी गेली?"

"वेलीले लावली थोडी."

मग ती दारात आली. कपाळावरचा घाम पदराने पुसत तिने कूलरकडे पाहिलं, वेलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माह्या बापानं तुमाले पाह्यलं तवा तुमी बी असेच हिरवेगार दिसत व्हते," एवढं म्हणून ती आत गेली आणि ओली चादर टाकून फरशीवर झोपली. मी तासाभराने कूलर परत फिरवला. खोटं कशाला सांगू, दीड तासाने.

आणि मे महिन्यात वेलीला फुलं आली.

पांढुरक्या-हिरवट, बारीक फुलांचे तुरेच तुरे. बोंडं अजून नव्हती, पण फुलं आली म्हणजे बोंडं येणारच. शाळेला सुट्या. माझ्या छातीत आनंद मावेना. मी मांडवाखाली उभा राहिलो, एक तुरा हातात धरला, फोटो काढला आणि फोनवर स्टेटस ठेवलं: 'यवतमाळच्या उन्हात बीअरची वेल! आता अंगणातच बीअर!' शेवटी दोन ग्लास आपटतात तसलं चित्र. ते भाच्याने बघावं म्हणून. भाच्याने ते बघितलं की नाही मला माहीत नाही. बाकी अख्ख्या गावाने बघितलं.

मतदानाला तेव्हा आठ दिवस राहिले होते. ही तारीख मला पाठ होती. घरात दुसरा विषयच नव्हता. तरीसुद्धा माझ्या डोक्यात बाटली आणि वेल ही दोन वेगवेगळ्या कप्प्यांत होती. काही माणसांच्या डोक्यात कप्पे फार असतात आणि त्यांना मध्ये दारं नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर गेलो तर ठेलेवाल्याने चुना लावता लावता विचारलं, "सर, पयली धार कवा काढता?"

मी हसलो. मग बसथांब्याकडून लाऊडस्पीकर लावलेला ऑटो आला. उभ्या बाटलीवाल्यांचा. आदल्या दिवसापर्यंत ते 'गावाचा महसूल, गावाचा विकास' असलं काहीतरी सांगत होते, त्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. आज त्यांचा सूरच निराळा होता.

"माता-भगिनींनो! अध्यक्षाबाईच्या अंगनात दारूचा मांडव! नवरा बीअर पिकवते, बायको बाटली आडवी करते! बाई, आधी घरची वेल आडवी करा, मंग आमची बाटली!"

ऑटोच्या मागच्या बाजूला माझा फोटो चिकटवला होता. मोठा करून. हातात तुरा. चेहऱ्यावर असा आनंद की मला स्वतःलाच त्या माणसाचा राग आला.

घरी आलो. बायको ओसरीवर मतदारयादी घेऊन बसली होती. ज्या बाया येणार त्यांच्यापुढे तिने निळ्या पेनाने टिंब केलं होतं. मी बघत असताना तिने तीन टिंबांवर काट मारली.

"ह्या तिघी सकाळी येऊन गेल्या," ती म्हणाली. "म्हने, ताई, आमी काहून भांडाव घरच्यासंग? तुमच्या घरीच जर..."

"मी समजावून सांगतो त्याईले. उशीत घालाची—"

"तुमी मले काय सांगतलं व्हतं?"

"झोपेची वेल."

"अन् फोनवर काय टाकलं?"

ती ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. ती ओरडली नाही. तिने यादीची घडी घातली.

"भाऊ गेला तवा मी रडली नाही, मले वाटलं हे दुकान उठवीन, मंग रडीन. दोन वर्सं झाले फिरून राह्यली. लोक मले दारातून हाकलत व्हते, तरी मले कवा लाज नाही वाटली. आज वाटली."

"तोडू काय मी ती वेल?"

"मले कायले इच्यारता? मी नाही सांगनार. मी तोडा म्हनलं तं तुमी जलमभर म्हनान, हिच्यासाठी तोडली. लावला तुमी. पाहा तुमीच."

पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर खरोखर चिडलेली मी त्या एकाच दिवशी पाहिली. बाकी वेळी ती जे करते ते नुसतं समालोचन असतं.

दुपारभर मी मांडवाखाली बसलो. आणि तुम्हाला वाटेल की मी लगेच विळा घेतला. नाही. मी हिशेब करत होतो की बोंडं धरायला किती दिवस लागतील. दहा दिवस मिळाले तरी एखादं बोंड धरेल, मतदानापुरती वेल चादरीने झाकली तर? चादर! मला एवढ्या मोठ्या वेलीवर चादर घालायचं सुचलं. मग वारा आला आणि मांडवाच्या सावलीत, जिथे बायकोची खाट असायची तिथे, खाटेच्या चार पायांचे चार खड्डे दिसले. दरवर्षी त्याच जागी खाट ठेवून पडलेले. दोन महिने ती बाई वानरांशी भांडत गच्चीवर पापड वाळवत होती आणि तिने एकदाही 'तुमचा मांडव हलवा' म्हटलं नव्हतं.

मी उठून विळा आणला.

त्या दिवशी पाच वाजता शाळेच्या व्हरांड्यात समितीची सभा होती. वेल मी बुडापासून कापली, दोऱ्यांवरून उलटी सोडवली, तिचं भेंडोळं केलं. हॉप्सच्या वेलीला बारीक आकडे असतात, अंगाला लागले की करवतीसारखे ओरखडतात, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. खांद्यावर घेतल्यावर मानेला कळलं. तसाच निघालो. पानठेल्यासमोरून, ऑटोसमोरून, दुकानाच्या ओट्यासमोरून. ओट्यावरच्या एकाने विचारलं, "सर, माल कुठी चालला?" मी म्हणालो, "आडवा कराले." रस्त्यात जी बाई भेटली ती मागे आली. शाळेपर्यंत माझ्यामागे वरातच होती.

बायको टेबलामागे उभी होती. मला बघून बोलता बोलता थांबली. मी भेंडोळं सगळ्यांसमोर फरशीवर टाकलं. मान, हात रक्ताळलेले. आयुष्यभर बोलण्यावर जगलेला माणूस मी, आणि आता सुरुवात सापडेना.

"बायांनो, हे माह्या घरची वेल. हिले अध्यक्षाबाईचा हात लागला नाही. मी त्याईले खोटं सांगतलं. झोपेची वेल हाय म्हनलं. फोनवर मीच टाकलं. बीअर मी बनवनार नव्हतो, मले बनवता बी येत नाही. मले फक्त माह्या भाच्याले दाखवाचं व्हतं. ती चूक माही. त्यासाठी आडव्या बाटलीचं मत नका मोडू."

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी शिक्षक. समोर माणसं बसलेली आणि हातात नमुना. "तर ही वनस्पती," मी सुरू केलं, "हिच्या या फुलांपासून पुढे बोंडं तयार होतात, आणि त्या बोंडांमध्ये—"

"गुर्जी."

पुढच्या रांगेतून आवाज आला. जंगलाकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची, मावशी होती. पावसाळ्यात रानातून काटवलं, म्हणजे कर्टोली, आणून बाजारात विकते, अख्खा तालुका तिच्या हातची काटवलं खातो. समितीत पोडावरच्या बाया तिच्यामुळे आलेल्या. ती उठून भेंडोळ्याजवळ आली, उकिडवी बसली, एक तुरा तळहातावर झटकला. तळहातावर पिवळी भुकटी पडली. तिने ती बोटाने चोळली, मग फूल उलटं करून मागे बघितलं.

"याले बोंड कुठून येते म्हनता?"

"या फुलांतून."

"नाही येत. काटवलाचं बी असंच राह्यते. माद्यीच्या फुलामागं बारीक फळ राह्यते, फुलाच्या आधीपासून. याच्या मागं काईच नाही. नुसता भुसा." तिने तळहात सगळ्यांना दाखवला. "गुर्जी, हे नर हाय."

मागच्या बाया माना लांब करून तिच्या तळहाताकडे बघू लागल्या.

"नराले फुलं येते, लय येते. लागत काईच नाही," मावशीने निकाल पुरा केला.

मी खाली वाकून बघितलं. पाच पाकळ्या, लोंबते पुंकेसर, मागे बीजांडकोश नाही. नर आणि मादी वेगवेगळ्या झाडांवर असणाऱ्या वनस्पती: उदाहरण, पपई. दरवर्षी फळ्यावर काढतो मी ही आकृती. त्याच फळ्यावर, पाठीमागच्या खोलीत. गावातलं शेंबडं पोरसुद्धा नर पपई ओळखतं. हॉप्सचंही तसंच असतं, बोंडं फक्त मादीला लागतात, हे मी वणीच्या त्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी वाचलं होतं आणि 'आपली मादीच असणार' असं ठरवून टाकलं होतं. का? कारण मी तिला 'ती' म्हणत होतो.

आणि मग टेबलामागून बायकोचा आवाज आला, शांत, माइकमधून.

"मी दोन वर्सं सांगून राह्यली. तो वेल हाय."

आधी मावशी हसली. मग पहिली रांग. मग असा हशा उसळला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, माह्या घरी बी एक हाय असाच, फुलं येते, लागत काई नाही!" दुसरी म्हणाली, "त्याले बी आना खांद्यावर!" जी बाई सकाळी 'घरच्यासंग काहून भांडाव' म्हणून गेली होती, तिचेच डोळे हसून हसून पुसले जात होते. मी मध्ये उभा, ओरखडलेला, पायाशी वेलीचा नर. आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मीही हसलो. इलाज नव्हता. चूक इतकी गोल, इतकी पूर्ण होती की बाहेरून बघितल्यावर छानच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ऑटो पुन्हा फिरला, पण 'दारूचा मांडव' म्हटल्याबरोबर ओसरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत. दोन फेऱ्यांनंतर त्यांनी ती ओळ काढून टाकली आणि पुन्हा महसुलावर आले.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकापासून नियमाप्रमाणे लांब, कडुलिंबाखाली, मी माठ आणि गूळ-शेंगदाणे घेऊन बसलो होतो. ही ड्यूटी बायकोनेच दिली. सकाळी सकाळी पोडावरच्या बाया मावशीच्या मागे ओळीने आल्या. मग शेतावर जाणाऱ्या, मग लेकरं कडेवर घेतलेल्या. काहींना घरून पाठवलं नव्हतं, त्या दुपारी नवरे झोपल्यावर आल्या. पाणी घेताना प्रत्येक बाई मला विचारी, "काय गुर्जी, नर कसा हाय?" मी सांगे, "आडवा पडला." अर्ध्या बाया दुकान बंद करायला आल्या आणि अर्ध्या मला बघायला, पण शिक्का सगळ्यांनी आतच जाऊन मारला, त्यामुळे माझी तक्रार नाही. मी बसल्या बसल्या बायकोच्या यादीवर तिच्याच पेनाने टिंबं करत होतो. काट मारलेल्या तिघींपुढे मी पुन्हा टिंब केलं. तिघींपुढेही.

संध्याकाळी तहसीलच्या माणसाने फाटकात येऊन निकाल वाचला. आडवी बाटली. निम्म्याच्या वर, चांगलं वर. बायांनी गुलाल उधळला. बायको कडुलिंबाखाली आली, माठाजवळच्या दगडावर बसली आणि तिथे पहिल्यांदा रडली. मी तिला गूळ दिला. दुसरं काय द्यायचं मला सुचलं नाही. तिने खाल्ला.

दुकानाचं शटर खाली आल्यावर महिनाभराने एके सकाळी मी अंगणात दात घासत होतो. मांडव तसाच होता, मी काढलाच नव्हता. त्याच्याखाली खाट परत आपल्या चार खड्ड्यांत आली होती. बायको खाटेच्या पलीकडे उकिडवी बसून काहीतरी करत होती. जवळ जाऊन पाहिलं. बुडापासून कापलेल्या जागी दोन जांभळट कोंब वर आले होते आणि ती त्यातल्या एकाला सुतळीवर चढवत होती. उजवीकडून. प्रदक्षिणेसारखं.

"राहू देते?" मी विचारलं. "त्याले तं काईच लागत नाही."

"नाही लागत तं नाही लागत," ती सुतळीला गाठ मारत म्हणाली. "सावली तं देते. अन् मांडव तुमी इतका मोठा घातला, कोनाच्या तरी कामी येऊ द्या."

मग मान वर करून तिने माझ्याकडे बघितलं, आणि वेलीकडे, आणि परत माझ्याकडे.

"तशी सवय हाय मले," ती म्हणाली. "पानी आना."

मी पाणी आणलं. आधी त्याला घातलं, मग चूळ भरली.